रक्ताची श्यानता किती?

पदार्थविज्ञानाच्या एखाद्या पुस्तकातील श्यानतेचे कोष्टक उघडून पाहा. पाणी, ग्लिसरीन, एरंडेल अशा प्रत्येक द्रवापुढे एक तापमान आणि एक आकडा दिलेला असतो. रक्त मात्र तेथे बहुधा नसते, आणि असलेच तर त्यापुढचा एकटा आकडा पुरेसा नसतो. ‘तापमान किती?’ याबरोबरच ‘रक्त किती वेगाने वाहत होते?’ हेही विचारावे लागते. असे का, ते पाहू.

पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवा आणि वरचा पत्ता तळहाताने पुढे ढकला. प्रत्येक पत्ता खालच्या पत्त्यावर थोडाथोडा सरकतो. वाहत्या द्रवाचे थर असेच एकमेकांवर सरकत असतात. दोन थरांच्या वेगांतील फरकाला त्यांच्यातील अंतराने भागले की कर्तन-दर मिळतो. एक मिलिमीटर अंतरावरच्या दोन थरांच्या वेगांत सेकंदाला एक सेंटिमीटर फरक असेल, तर कर्तन-दर १० प्रतिसेकंद. थर सरकते ठेवण्यासाठी दर एकक क्षेत्रफळावर लावावे लागणारे बल म्हणजे कर्तन-प्रतिबल. हे प्रतिबल कर्तन-दराच्या प्रमाणात वाढते, असे न्यूटनने १६८७ मध्ये गृहीत धरले. त्या प्रमाणाचा स्थिरांक म्हणजे श्यानता. पाणी, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे द्रव हा नियम निमूटपणे पाळतात.

भिंतीला लावायचा रंग तो पाळत नाही. कुंचल्याखाली तो पातळ होऊन पसरतो आणि कुंचला उचलताच दाट होतो, म्हणून ओघळत नाही. टोमॅटोचे सॉस बाटली नुसती उपडी केल्यावर येत नाही, पण जोरात हलवल्यावर भसकन का येते, हेही आता तुमच्या ध्यानात येईल. रक्त याच जातीचे आहे.

गंमत अशी, की रक्ताला चांगले लागू पडणारे एक सूत्र छापखान्याच्या शाईसाठी तयार झाले! तेलात रंगाचे कण मिसळलेल्या शाईचा प्रवाह समजावून घेण्यासाठी कॅसन यांनी १९५९ मध्ये ते मांडले:

√प = √उ + √(श × द)

येथे प म्हणजे कर्तन-प्रतिबल आणि द म्हणजे कर्तन-दर. उ हा उंबरठा. प्रतिबल त्याहून कमी असेल तर द्रव वाहतच नाही. श ही अतिशय जलद प्रवाहातील श्यानता. निरोगी रक्तासाठी उ सुमारे ५ मिलिपास्कल आणि श सुमारे ३.५ मिलिपास्कल-सेकंद धरून आपणच हिशेब करू. द = १ घेतल्यास √५ = २.२४ आणि √३.५ = १.८७. बेरीज ४.११, तिचा वर्ग १६.९. या प्रतिबलाला द ने, म्हणजे १ ने, भागले की प्रत्यक्ष श्यानता १६.९ मिलिपास्कल-सेकंद येते. द = १०० घेऊन हेच करा; उत्तर सुमारे ४.४ येईल. द = ०.१ घेतल्यास ते ८० पर्यंत चढते. म्हणजे त्याच रक्ताची श्यानता अठरापट! शरीराच्या तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे ०.७ असते, हे तुलनेसाठी लक्षात ठेवा.

सूत्राने आकडे दिले, कारण दिले नाही. ते तांबड्या पेशींत आहे. रक्ताच्या आकारमानाचा ४० ते ४५ टक्के भाग या पेशींनी व्यापलेला असतो. प्रत्येक पेशी म्हणजे सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी खोलगट, लवचिक चकती. प्रवाह मंद झाला की रक्तद्रवातील फायब्रिनोजेन या प्रथिनामुळे त्या एकमेकींना चिकटतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या चळती बनतात. प्रवाह वाढला की चळती मोडतात. वेग आणखी वाढला, की सुट्या पेशी स्वतःच लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळतात.

ही दोन कारणे वेगवेगळी कशी दाखवायची? १९७० मध्ये शू चिएन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग माझ्या मते वर्गात शिकवण्याजोगा आहे. त्यांनी तीन नमुने तुलनेला घेतले, तिन्हींत पेशींचे प्रमाण तेवढेच. पहिला नेहमीच्या रक्ताचा. दुसऱ्यात पेशी फायब्रिनोजेन नसलेल्या द्रावणात ठेवलेल्या. तेथे चळती होईनात आणि मंद प्रवाहातील श्यानता बरीच खाली आली. तिसऱ्यात पेशी रासायनिक क्रियेने कडक केलेल्या. तेथे प्रवाह कितीही वाढवला तरी रक्त पातळ होईना. म्हणजे मंद प्रवाहातील दाटपणा चळतींचा, आणि जलद प्रवाहातील पातळपणा पेशींच्या लवचिकपणाचा.

कॅसनचे सूत्र सर्वत्र चालते असे समजू नका. द शून्याकडे गेला की त्यातील श्यानता अनंताकडे धावते. संगणकावर हिशेब करणाऱ्यांना ते अडचणीचे होते, म्हणून ते पुष्कळदा १९७२ मधील कॅरो यांचे सूत्र वापरतात. त्यात दोन्ही टोकांना ठराविक श्यानता असते. मोठ्या धमन्यांतील जलद प्रवाहाला तर एकच स्थिर आकडा घेऊनही बऱ्यापैकी उत्तर मिळते. आणि केशवाहिन्यांत पेशी एकामागून एक अंग चोरून जातात; तेथे रक्ताला एकसंध द्रव मानणारे कोणतेच सूत्र टिकत नाही.

रक्त तपासणीच्या अहवालात ‘ई. एस. आर.’ हा आकडा तुम्ही पाहिला असेल. उभ्या नळीत तासाभरात पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, हे तो सांगतो. शरीरात दाह असला की फायब्रिनोजेन वाढते, चळती मोठ्या होतात आणि लवकर बसतात. नंदुरबार, गडचिरोली या भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात मात्र हा आकडा बहुधा कमीच येतो, कारण विळ्यासारख्या वाकड्या पेशींच्या चळती नीट होत नाहीत. पण म्हणून रक्त सहज वाहते असे नाही. प्राणवायू कमी पडला की या पेशी चिएन यांच्या तिसऱ्या नमुन्यातल्यासारख्या ताठर होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला तीव्र वेदना होतात. अशा रोग्याला रक्त देतानाही डॉक्टर हिमोग्लोबिन एकदम फार वाढू देत नाहीत. पेशींची गर्दी वाढली की श्यानताही वाढते.