वाट कुठून सांगावी?

॥ श्रीराम ॥

आजचे वाचन : वाल्मीकिरामायण, अरण्यकांड, सर्ग १३ व १५

पाणी आणि झाडी असलेली, आश्रम बांधण्याजोगी जागा कोणती, असं राम अगस्त्यांना विचारतात. मुनी क्षणभर विचार करून सांगतात, इथून दोन योजनांवर पंचवटी आहे. मग वाट सांगतात. हे मोहाचं मोठं वन दिसतंय ना, त्याच्या उत्तरेने जायचं. पुढे वड लागेल. तिथून चढ चढून वर आलं, की डोंगराजवळच पंचवटी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर नकाशे आणि पत्ते. म्हणून इथे थांबलो. मुनींनी वाट सुरू केली ती पंचवटीपासून नाही, तर राम उभे होते तिथून, त्यांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या वनापासून.

आपण नाशिककर काय करतो? पंचवटी एक्स्प्रेसने येणाऱ्याला वाटतं, उतरलं की रामकुंड. पण गाडी सोडते नाशिकरोडला आणि रामकुंड तिथून ९-१० किलोमीटर. पायी दर्शन कुठून सुरू करायचं, असं त्याने विचारलं की आपण म्हणतो, "रामकुंडावरून." उत्तर बरोबर आहे, पण तो अजून स्टेशनबाहेर पिशवी घेऊन उभा आहे! त्याला असं सांगावं : निमाणीची सिटीलिंक बस धरा, नाहीतर शेअर रिक्षाने द्वारकेला या आणि तिथून पंचवटीची दुसरी रिक्षा करा. निमाणीहून पंचवटी कारंजा विचारत चालत रामकुंडावर. तिथून काळाराम, जवळच सीतागुंफा आणि तिथले वड. पाय साथ देत असतील तर पुढे तपोवन, कपिलासंगम.

मात्र वाट माहीत असणं नेहमी पुरेसं नसतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. त्या लोकांना रस्ता विचारायचा नव्हता. देऊळ समोर होतं, दार मात्र त्यांच्यासाठी बंद होतं. सत्याग्रह काही वर्षं चालला, तरी ते उघडलं नाही. रामाच्या दारातली ही गोष्ट रामभक्ताने विसरू नये.

आता सर्ग १५ बघा. पंचवटीत पोचल्यावर राम म्हणतात, लक्ष्मणा, जागा निवड. लक्ष्मण म्हणतो, तुम्हीच सांगा. तेव्हा राम नुसतं बोट दाखवत नाहीत, त्याचा हात हातात घेऊन जागा दाखवतात.

आजचा अभ्यास : २०२७ च्या सिंहस्थात कितीतरी अनोळखी माणसं आपल्याला वाट विचारतील. आधी तो माणूस कुठे उभा आहे ते बघू या. त्याला तिथून दिसणारी खूण सांगू या. जमलं तर चार पावलं सोबत जाऊ या. आणि कोणी दारापाशी अडून उभा असेल, तर त्याचा हात धरू या.

॥ श्रीराम ॥