बॉनेटवरची काच

लेकरा, जुन्या गाड्यांच्या कामाला हैदराबादला निघालास, तर माझ्या उस्तादानं मला दिलेले चार शब्द सोबत घेऊन जा. रेडिएटरच्या झाकणावर काचेचा कोंबडा किंवा गरुडाचं डोकं बसवलेलं दिसलं, की हात आपसूक तिकडंच जातो. काचेला धरून झाकण कधी फिरवायचं नाही. खालचं धातूचं कडं धरायचं, तेही इंजिन पुरतं गार झाल्यावर. काच मानेशी मोडते आणि मोडली की संपली.

दुसरं पाण्याचं. आपल्या अर्धापुरात मे महिन्यात पारा 43-44 ला जातो, गाडी उन्हात उभी, आत पाणी उकळायला आलेलं. अशा वेळी धूळ बसली म्हणून गार पाण्याचा फवारा मारशील, तर वरची काच एकदम आकसेल, आतली तापलेलीच राहील आणि तडा जाईल. काच जितकी जाड, तितका हा धोका जास्त, आणि ह्या मूर्ती चांगल्या जाड, साच्यातल्या असतात. सावलीत घे, निवू दे, मग मऊ सुती फडक्यानं पूस. काच आणि कडं यांच्यामध्ये कातड्याचा किंवा बुचाचा वायसर हवाच. वायसर वाळून कडक झाला असेल तर बदल. स्क्रू घट्ट बसला की थांब, वर पान्याचा जोर नको.

आता पारखायचं. ही काच गाजवली ती फ्रान्सच्या रने लालिकनं. 1925 मध्ये सित्रोएनसाठी त्यानं पाच घोडे केले, तिथून ह्या मूर्तींची ओळ सुरू झाली. म्हणून सन आधी बघायचा. 1912 च्या गाडीवर लालिकची काच दिसली, तर ती मागाहून बसवलेली. हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामाची पिवळी रोल्स-रॉइस आहे, 1912 ची. आपलं गाव 1948 च्या सप्टेंबरपर्यंत त्याच्याच राज्यात होतं. ती गाडी पुढून नीट बघून ये, त्या काळचं नाक कसं असायचं ते डोळ्यात बसेल.

लालिकच्या हयातीतल्या नगावर नावाआधी 'आर' असतं. 1945 ला तो गेला आणि पुढं ते अक्षर गळालं. काही मूर्ती नंतरही कागद दाबायला म्हणून निघत राहिल्या. त्या खोट्या नव्हेत, पण जुन्या गाडीचा भाव त्यांना देऊ नको. केस मागं उडालेली बाई, 1928 ची 'व्हिक्त्वार', 25 सेंटीमीटरच्या आसपास लांब असते. तिच्या केसांची टोकं नखानं चाचप. टवका उडालेली जागा घासून गुळगुळीत करून विकतात, म्हणून कोंबड्याची चोच बोथट दिसली की जुन्या फोटोशी ताडून बघ. जांभळी झाक दिसली तर भुलू नको. मँगनीज असलेली काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी होते, पण आता किरणं मारूनही तसा रंग आणतात.

लंडनच्या ब्रेव्हीज गॅलरीजनं ह्या मूर्तींसाठी दिव्याची बैठक विकली. आत बल्ब, वर रंगीत काच. दिव्यानं मूर्ती पेटली की दुधी भाग जिवंत होतो. ते एकदा तरी अंधारात बघच. पण बल्ब लावण्याआधी गाडी 6 व्होल्टची की 12 ची ते तपास, आणि तापणारा बल्ब आत फार वेळ ठेवू नको.

लांब पाठवायची असेल तर काच उतरवून वेगळी बांध. इथं केळीची वाळली पानं फुकट मिळतात म्हणून त्यात गुंडाळू नको, ती ओल धरतात आणि कड्यावर डाग पडतात. जुनं धुतलेलं धोतर घे, दोन पदरी.