माळवदाची माती

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शेतात राखणीला होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून गाव नुकतंच झोपलेलं. त्याच्या आदल्या वर्षीही जमीन हादरली होती. काही दिवस आम्ही बाहेर झोपलो, मग भीती मोडली. माझी बायको आणि चार वर्षांची लेक माळवदाखाली होत्या. माय अंगणात होती म्हणून वाचली.

भेटायला येणारा जो तो म्हणे, "देवानं तुला कशासाठी तरी मागं ठेवलंय." मी ते खरं मानलं आणि ते 'कशासाठी' शोधत दोन वर्षं हिंडलो. मठ झाले, बाबा झाले, नवस झाले. मदतीचे पैसे त्यातच गेले. माय मामाच्या गावी, भावाच्या आश्रयाला. तिनं दोन घास खाल्ले का, हेही मी कधी विचारलं नाही. ही चूक माझी, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून बोलतोय.

मामाच्या गावात भिंती तडकल्या होत्या, पण उभ्या होत्या. तिथं मजबुतीकरणाचं काम निघालं, त्यावर मी मजुरीला लागलो. एका अभियंत्यानं भिंतीतला दगड काढून मला आत हात घालायला लावला. बाहेरून अडीच फुटी दिसणारी भिंत म्हणजे दोन वेगळ्या भिंती, मध्ये चिपा आणि माती. दोन्हींना बांधणारा आरपार दगड एकही नाही. हादरा बसला की त्या फाकतात आणि माळवद खाली येतं. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती असली तर तिचं वजन आठेक टन भरतं.

भूकंपाआधीच्या जूनमध्ये गळती थांबावी म्हणून आमच्या माळवदावर दोन गाड्या माती मीच चढवली होती. घमेली बायकोनं भरून दिली होती.

अभियंत्यानं भिंत दाखवली त्या रात्री भाकरी घशाखाली उतरली नाही. सकाळी मात्र मी कामावर गेलो, आणि गवंडीकाम शिकलो.

ज्यांच्यावर असं कोसळलंय त्यांना माझं सांगणं आहे, अर्थाच्या मागे धावू नका. घरात जो उरलाय त्याच्या जेवणाचं आधी बघा. कसं घडलं ते सोसवेल तेव्हाच समजून घ्या, आणि तेही जाणकाराजवळ बसून. एकट्यानं विचार केला तर सगळा दोष आपल्याच माथी येतो. दरसाल माती चढवायची रीत साऱ्या मुलखाची होती, हे मला त्या अभियंत्यानं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, 'कशासाठी तरी' म्हणू नका. गुरांना पाणी पाजा, अंगण झाडून द्या.

दगडमातीच्या घरात राहत असाल तर पावसाळ्याआधी नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरवा. गळतीसाठी खाली जाड प्लास्टिक अंथरा, वर थोडीच माती घाला. भिंतीत आरपार दगड बसवा, नाहीतर भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरा. कोपरे आधी बघा. दारं-खिडक्यांवरून चारही भिंतींना सलग पट्टा फिरवा.

मामाच्या घराचं काम संपायला महिना गेला. माय तोवर पावसातही पडवीतच झोपायची. शेवटचा कोपरा झाला, त्या संध्याकाळी तिनं भिंतीवरून हात फिरवला, "इथं धरलंय का?" विचारलं, आणि वाकळ उचलून आत नेली.