मत बदलते कसे? : तृतीयपंथीयांविषयीच्या दृष्टिकोनाचा एक अभ्यास

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचा स्वतंत्र लिंग-ओळखीचा हक्क मान्य केला. त्यानंतर वर्षभराने, २३ एप्रिल २०१५ रोजी, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून अर्जांमध्ये तृतीय लिंगाचा समावेश करण्यास सर्व बँकांना कळविले. आम्हा बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या दृष्टीने हे काम सोपे होते. फॉर्मवर एक चौकोन वाढला. परंतु त्या चौकोनात खूण करणारी व्यक्ती काउंटरसमोर उभी राहिली म्हणजे रांगेतील माणसे एकमेकांकडे पाहून जे हसतात, ते हसू परिपत्रकाने थांबत नाही. मग ते थांबते कशाने? याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. त्याची माहिती आपल्या वाचकांस व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मायामी-डेड नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग आहे. तेथे डिसेंबर २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम मंजूर झाला. कार्यकर्त्यांना धास्ती होती ती लोकमताची. कारण याच काउंटीत १९७७ साली समलिंगी व्यक्तींना संरक्षण देणारा नियम मतदारांनी मतदान करून रद्द केला होता. म्हणून जून २०१५ मध्ये ५६ कार्यकर्ते घरोघरी फिरले. डेव्हिड ब्रुकमन व जोशुआ काला या दोन संशोधकांनी त्याचे मोजमाप केले. एकूण ५०१ मतदारांपैकी काहींशी या विषयावर सुमारे दहा मिनिटे बोलणे झाले. उरलेल्यांशी, तुलनेसाठी, टाकाऊ वस्तूंच्या पुनर्वापरावर.

बोलण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. कार्यकर्त्याने आधी घरमालकाचे मत विचारायचे, आणि ते कितीही कडू असले तरी नाक मुरडायचे नाही. मग विचारायचे की, तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कोणी कमी लेखले आहे काय? माणूस थोडा थांबतो आणि आपली हकीगत सांगू लागतो. ती सांगून झाल्यावर तोच धागा तृतीयपंथीयांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीशी जोडायचा. एवढ्या बोलण्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता. बोलणारा स्वतः तृतीयपंथी असो वा नसो, परिणाम दोन्हीकडे दिसला. १९९८ ते २०१२ या चौदा वर्षांत अमेरिकेत समलिंगी व्यक्तींविषयीचा आकस सरासरीने जेवढा कमी झाला, त्याहून हा बदल मोठा होता, असे संशोधकांनी २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नोंदविले.

(येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच पद्धतीवरचा आधीचा एक निबंध ‘सायन्स’ने मे २०१५ मध्ये मागे घेतला होता, कारण त्यातील आकडेवारी विश्वासार्ह नव्हती. ती लबाडी उघडकीस आणणाऱ्यांत ब्रुकमन व काला हेच होते. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या आकड्यांना अधिक वजन आहे, असे मला वाटते.) पुढे २०२० साली याच दोघांनी दाखवून दिले की, अनुभवांची देवाणघेवाण वगळून नुसते मुद्दे मांडले तर असा परिणाम दिसत नाही.

आता, ‘तुम्हाला कधी कोणी कमी लेखले आहे काय’ हा प्रश्न आपल्या वस्तीत कोणत्याही दारी विचारून पाहावा. आडनाव ऐकल्यावर भाड्याची खोली ‘आत्ताच गेली’ असे सांगितले जाणे, ही आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची गोष्ट आहे. आणि तृतीयपंथीयांना तर आडनाव सांगण्यापूर्वीच, नुसते पाहून, दार लावले जाते. असे असूनही आपल्या हळदीत, वरातीत त्यांच्या नकला चालतात आणि कोणी हरकत घेत नाही.

सामान्य मतदाराचे मत हे एक झाले. द्वेषावरच उभ्या असलेल्या गटातील माणसाचे काय? तेथे मत बदलणे म्हणजे घर, मित्र आणि मान हे सारेच सोडणे असते. फ्लोरिडातीलच आर. डेरेक ब्लॅक यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचे वडील डॉन ब्लॅक हे कु क्लक्स क्लॅनचे एकेकाळचे पुढारी. गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे ‘स्टॉर्मफ्रंट’ हे संकेतस्थळ त्यांनीच सुरू केले. डेरेक लहानपणापासून त्या प्रचारात होते. २०१० साली ते सॅरासोटा येथील न्यू कॉलेजात गेले आणि पुढील वर्षी त्यांची ओळख उघड झाली. बऱ्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. मॅथ्यू स्टीव्हन्सन या ज्यू विद्यार्थ्याने मात्र त्यांना शुक्रवारच्या सब्बाथच्या जेवणास बोलाविले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या एका मैत्रिणीने एकेका दाव्याचे पुरावे काढून त्यांच्याशी वाद घातला. जुलै २०१३ मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून ती विचारसरणी सोडली.

गोड बोलण्यानेच सर्व झाले, असा याचा अर्थ कोणी काढू नये. इतरांनी टाकलेल्या बहिष्कारानेही आपल्याला विचार करावयास लावले, असे खुद्द ब्लॅक यांचे सांगणे आहे. परंतु सोडून जायचे तर जायचे कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर त्या जेवणाच्या टेबलाने दिले. पुढे २०२४ साली आलेल्या आत्मचरित्रात ब्लॅक यांनी आपण स्वतः पारलिंगी असल्याचे सांगितले आहे.

हे सारे परदेशात घडले म्हणून बाजूस सारण्याचे कारण नाही. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ साली दोन तरुणींनी संरक्षणासाठी अर्ज केला. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी या विषयात आपलेही पूर्वग्रह आहेत, असे आदेशातच नमूद केले. ते एका मानसशास्त्रज्ञाकडे विद्यार्थ्याप्रमाणे बसले. एका पारलिंगी महिला डॉक्टरांना आणि त्यांच्या आईलाही ते भेटले, प्रश्न विचारले, ऐकून घेतले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी अशा व्यक्तींना ‘बरे’ करण्याच्या नावाखालील उपचारांना मनाई केली. पोलीस, तुरुंग आणि न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणाबरोबरच, शाळा-महाविद्यालयांच्या पालक-शिक्षक सभेत आईवडिलांना हा विषय समजावून द्यावा, असेही त्यात सुचविलेले आहे.