मुलाला बाहेर पाठवू नका

माझ्या टेबलापाशी येणाऱ्या बाबा मंडळींची एक ठरलेली रीत आहे. टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू मुलाच्या हातातून घ्यायचं, "जा, गाडीपाशी थांब" म्हणायचं, दार लोटायचं आणि मग आवाज उतरवून विचारायचं, "मॅडम, किती जातील?" सोबत आई असेल तर ती विचारत नाही. पर्सची चेन उघडून आत बघते आणि परत लावते.

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवताना हे रोजचंच झालंय, म्हणून आज पैशाबद्दलच बोलू. ज्या घरात शाळेची फी हप्त्यानं भरली जाते, तिथे पोराच्या हट्टापायी आलेलं कुत्रं आजारी पडलं की रात्री स्वयंपाकघरात दबकं बोलणं होतं. "कुत्र्यावर एवढे?" मूल तेव्हा झोपलेलं नसतं. अर्धवट ऐकलेल्यावरून ते आपला हिशेब मांडतं: मी फाटक उघडं ठेवलं म्हणूनच हा आजारी पडला. किंवा याहून वाईट, उद्या मी आजारी पडलो तर? पहिली शंका मुलं मला तोंडावर विचारतात. दुसरी विचारत नाहीत.

तेव्हा मुलाला आत राहू द्या आणि मी तपासायला सुरुवात करण्याआधीच सांगा, "आज एवढे आहेत, पगारानंतर एवढे देऊ." यात कमीपणा काही नाही. उलट तुम्ही गप्प राहिलात तर मी पुस्तकातल्यासारख्या सगळ्या तपासण्या लिहून देते, त्यातच तुमची रक्कम संपते आणि औषधाच्या वेळी हात रिकामे. आकडा आधी कळला तर मला कात्री कुठे लावायची ते ठरवता येतं.

गोचीडतापाचं बघा. आमच्या भागात हा सर्रास दिसतो. कुत्रं खात नाही, अंगात ताप, हिरड्या पांढुरक्या, कानाच्या आत गोचीड चिकटलेले. महागड्या तपासण्या करता येतात, पण रक्ताचा साधा काऊंट आणि काचेवरचा एक थेंब यावरही बरंच कळतं. प्लेटलेट उतरलेल्या असतील आणि बाकी चित्र जुळत असेल, तर बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिन सुरू करता येतं. गोळी स्वस्त आहे, फक्त साधारण चार आठवडे न चुकता द्यावी लागते. दोन-तीन दिवसांत कुत्रं उठून शेपूट हलवायला लागतं आणि तिथेच घरं गोळ्या थांबवतात. थांबवू नका. आणि गोचीड घालवायला रॉकेल चोळू नका.

पार्व्होची गोष्ट जास्त अवघड. पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब, घरभर तो ओळखू येणारा वास. विषाणूवर थेट औषध सहसा हाताशी नसतं. सलाईन, उलटीचं औषध आणि अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तगवायचं, बाकी त्याचं शरीर लढतं. भरती करणं उत्तमच, आणि पैसे संपतात ते इथेच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 40 कुत्र्यांवर एक अभ्यास केला होता. निम्म्यांना भरती करून नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरलं आणि मग कातडीखाली सलाईन व इंजेक्शनं अशी घरी जमण्याजोगी पद्धत वापरली. भरती केलेल्यांतली 90 टक्के वाचली, दुसऱ्या गटातली 80 टक्के. म्हणजे भरती परवडत नसेल तर "मग राहू दे" म्हणून पिल्लाला घरी नेऊन टाकायचं कारण नाही. डॉक्टरांना विचारा, रोज ने-आण करून होईल का? मात्र तो पहिला सलाईनचा दिवस वाचवायला जाऊ नका.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींचा असतो असं अनेकांना वाटतं. तिथे कुत्रंही नेता येतं. सोयी कमी असतील, पण सुरुवात होते. त्याहून मोठं काम असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: परळ, नागपूर, परभणी, उदगीर, आणि आमच्या जवळचं शिरवळ. शिकवायचं रुग्णालय म्हटल्यावर गर्दी, थांबावं लागतं, एकाच कुत्र्याला चार विद्यार्थी हात लावून बघतात. पण दर खासगीच्या मानानं खूपच कमी. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ओझ्याच्या जनावरांसाठी निघालेल्या त्या जागी आता कुत्र्या-मांजरांची रांग लागते.

आता बचतीच्या नावाखाली जे घडतं ते सांगते, कारण माझा अर्धा दिवस ते निस्तरण्यात जातो. खरजेला गॅरेजमधलं जळकं ऑईल. काळंकुट्ट, चिकट झालेलं कुत्रं टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "शेजाऱ्यांच्या कुत्र्याला गुण आला." कुत्रं ते चाटतं, पोटात जातं, कातडी भाजते, आणि खरजेच्या औषधाला लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे ऑईलच्या उपचाराला लागतात. दुसरं म्हणजे घरातल्या अंगदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. आपली गोळी अर्धी करून दिली की कुत्र्याची होत नाही.

आणि एक गोष्ट जिथे पैशाचा विचारच करायचा नाही. लस न दिलेलं कुत्रं अचानक विचित्र वागायला लागलं, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर "घशात हाड अडकलंय" म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. मुलांना लगेच दूर करा. ते रेबीज असू शकतं. कुणाच्या हाताला लाळ लागली असेल, ओरखडा असेल, तर जागा साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.

घरी सेवा करताना मुलाला काम द्या. उलटी-जुलाब मोठ्यांनी हातमोजे घालून काढायचे. मुलानं वहीत लिहायचं: किती पाणी प्यायला, लघवी कधी झाली, उलटी किती वेळा. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा, हे चौथीतलं पोरगं बघू शकतं. अशी वही समोर आली की मलाही नेमकं काय चाललंय ते कळतं.

गल्ला घेऊन येणारी मुलंही असतात. तो सगळा फोडू नका, पण नकोच म्हणून परतही करू नका. त्यातून एक सलाईनची बाटली आणा आणि ती कोणती ते त्याला दाखवा. आणि "पैसे नाहीत" असं सांगितलं असेल तर त्याच महिन्यात नवा मोबाईल आणू नका. मुलं हिशेब विसरत नाहीत.

कधी कधी पैसे असूनही काही होण्यासारखं नसतं, कधी होण्यासारखं असतं आणि तेवढे पैसे नसतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कॅन्सरसाठी गंठण गहाण ठेवायला निघालेल्यांना मी स्वतः अडवलं आहे. त्यावर कुणी मला निष्ठुर म्हटलं तर म्हणू दे. वेदना थांबवणारी औषधं देता येतात. तीही पुरी पडेनाशी झाली तर दयामरण असतं: आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शांतपणे हृदय थांबतं. मुलाला तिथे थांबायचं असेल तर थांबू द्या, नसेल तर नको. पण त्याला "शेतावर सोडलंय, तिथे मजेत आहे" असं सांगू नका, आणि खरोखर सोडून तर मुळीच येऊ नका. पाळलेलं जनावर उपासमार होईल असं वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये ठेवलाय हे त्या कायद्याचं दुर्दैव. मुलाला सांगा, "त्याला फार दुखत होतं, आपण शक्य होतं तेवढं केलं, पण सगळं करता आलं नाही." शेवटचे चार शब्द गाळू नका, ते ऐकूनही मूल सावरतं.

काही महिन्यांनी ते दुसरं पिल्लू मागेलच. पहिलं पार्व्होनं गेलं असेल तर घाई नको. तो विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि मातीला ब्लीच लावता येत नाही. फरशी आणि भांडी ब्लीचच्या पाण्यानं धुवा, आणि लसीचे सगळे डोस पूर्ण झालेलं कुत्रंच त्या घरात आणा. सहा-आठ आठवड्यांपासून साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार डोस लागतात. त्यांचे पैसे पिल्लू ठरवायच्या आधीच वेगळे काढून ठेवा, मुलासमोर मोजून.