चुलीचे सारवण

सकाळी राख काढली, पोतेरे फिरवले, की चूल कशी देखणी दिसते! पण दोन-चार दिवसांत पुन्हा पोपडे सुटतात. घरची बाई म्हणते, "कितीबी सारवा, टिकतच न्हाई." असे का होते, ते पाहू.

सारवण शेणामातीचे असते. शेणात गवताचे बारीक धागे असतात. ते मातीला धरून ठेवतात. जाळाची आच लागली की हे धागे जळतात. मग नुसती माती उरते. ती भुगा होऊन गळते. म्हणून चुलीच्या आतले सारवण लवकर उडते, बाहेरचे टिकते. यात सारवणारीचा दोष नाही.

चूक दुसरीकडे होते. जुना पोपडा न काढताच आपण नवा हात देतो. थरावर थर चढतो. चुलीचे तोंड अरुंद होते. वारा कमी मिळतो आणि धूर वाढतो. शिवाय आतला तडा झाकून जातो. तो फार वाईट.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सणाचा दिवस होता. वहिनीने चूल सारवून वर गेरूचा पट्टा ओढला होता. आईने आमटीचे पातेले चढवले. आमटीला उकळी आली आणि चुलीची एक बाजू खचली. पातेले कलंडले. धाकटा भाऊ नुकताच तिथून उठला होता, म्हणून वाचला.

आई म्हणाली, "अगं, तडा दिसला नव्हता का?"

वहिनी रडत म्हणाली, "दिसला होता, आत्याबाई. वरून सारवलं. वाटलं, बुजला."

मंडळी, तडा वरून सारवून बुजत नाही. मग काय करावे?

१. चूल पुरती थंड होऊ द्या. तापल्या मातीवर पाणी पडले तर तडा वाढतो.

२. सुटलेले पोपडे उलथन्याने खरवडून काढा.

३. बोटाने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथली माती सुटली आहे असे समजा.

४. तडा थोडा रुंद करा. त्याला पाण्याचा हात लावा. भुसा घालून मळलेली माती आतपर्यंत दाबून भरा.

५. ती वाळू द्या. लगेच जाळ घालू नका. मग पातळ सारवण द्या.

बाजू हलत असेल तर मात्र डागडुजी नको. नवी चूल घाला.

माती निव्वळ काळी घेऊ नका. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, तशाच चुलीलाही पडतील. तांबडी माती किंवा पडक्या वारुळाची माती चांगली.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. पुष्कळ घरी गॅस आला. तरी भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला अजून चूल पेटते. ती देखणी असावीच. पण आधी भक्कम, मग देखणी.

सांगा पाहू :
१. चुलीच्या आतले सारवण लवकर का उडते?
२. वहिनीचे काय चुकले?
३. आज घरी जाऊन चूल वाजवून पाहा. आवाज कसा आला, ते पाटीवर लिहा.