शेजारी उभं असलेल्याला ओळखून ठेव

सोमवारपासून गोरेगावच्या चित्रनगरीत तुझी इंटर्नशिप सुरू होतेय ना, मग जरा बस माझ्यापाशी. एकतीस वर्षं मी सेटवर काढली, त्यातली बहुतेक कंटिन्युइटीची वही हातात धरून. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते.

आधी वेळेचं. कॉल शीटवर सातचा कॉल असेल तर साडेसहाला पोहोच आणि नाश्ता युनिटबरोबरच कर. त्या अर्ध्या तासात लाइट लागत असतात, आर्टवाले सेट आवरत असतात, पण अजून कुणी कुणावर ओरडत नसतं. तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळतं. एकदा शॉट लागला की प्रश्न वहीत लिहायचा आणि जेवणाच्या ब्रेकमध्ये विचारायचा. फोन सायलेंट ठेव. सेटवरचा फोटो कुठेही टाकू नकोस. ज्याच्याजवळ गोष्ट राहते, त्यालाच लोक जवळ येऊ देतात.

पहिल्या तीन दिवसांत स्पॉटदादा, लाइटदादा, सेटिंगदादा, ड्रेसदादा यांची नावं पाठ कर. मी नवी होते तेव्हा सारखी दिव्यासमोरून जायची. एका लाइटदादांनी मला बाजूला घेतलं आणि फ्रेम कुठे संपते, आपली सावली कुठवर जाते, कुठली केबल ओलांडायची नाही, ते उभं राहून दाखवलं. पुढचं कामही मला त्यांच्यामुळेच मिळालं. दुसऱ्या युनिटला माणूस कमी पडत होता, तर म्हणाले, “ती वहीवाली पोरगी बोलवा.”

आपल्या धंद्यात असंच होतं बघ. रात्री अकराला कुणाच्या तरी लक्षात येतं, की उद्या सकाळी एक असिस्टंट कमी आहे. त्या वेळी जाहिरात द्यायला सवड नसते. जिचं नाव पहिलं आठवतं, तिला फोन जातो. ओळखी वाढव म्हणतात, त्याचा अर्थ मी एवढाच धरते, की त्या अकरा वाजता तुझं नाव कुणाच्या तरी तोंडी यावं.

म्हणून मोठ्या नावांच्या मागे फार धावू नकोस, शेजारी उभं असलेल्याला ओळखून ठेव. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, आपले शांतारामबापू, पडेल ते काम करत सगळी खाती शिकले. १९२९ साली त्यांनी ‘प्रभात’ ही चित्रसंस्था काढली, तेव्हा दामले, फत्तेलाल, धायबर हे भागीदार त्याच कंपनीतले सोबती होते. ‘प्रभात’ पुढे पुण्याला आली. तिथे चाळीसच्या दशकात गुरुदत्त आणि देव आनंद या दोन होतकरू पोरांची गट्टी जमली. धोब्याकडे सदऱ्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून ओळख झाली, असं सांगतात. दोघांनी एकमेकांना काम देण्याचा शब्द दिला आणि देव आनंदनी तो पाळला. १९५१ साली त्यांच्या ‘नवकेतन’नं ‘बाजी’ काढला, दिग्दर्शक गुरुदत्त. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच चित्रपट. ज्या आवारात हे जमलं, तिथे १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आज तुझ्याबरोबर चहा पिणारा इंटर्न दहा वर्षांनी कॅमेरामन असेल, एडिटर असेल. त्याच्या शॉर्टफिल्मला रविवारी मदतीला जा. तुझ्या शॉर्टफिल्मला तो येईल.

मोठ्या माणसाशी बोलायची संधीही मिळेल. चित्रपट महोत्सवांना जा: पुण्याच्या ‘पिफ’ला, नोव्हेंबरात गोव्याच्या ‘इफ्फी’ला. तिथे दिग्दर्शक गर्दीत सहज भेटतात. पण त्यांचा चित्रपट पाहिल्याशिवाय पुढे होऊ नकोस. एखाद्या प्रसंगाबद्दल एकच नेमका प्रश्न विचार, नाव सांग आणि निघ. पहिल्याच भेटीत काम मागितलं की समोरचा आक्रसतो. इंटर्नशिप संपली की ज्यांनी शिकवलं त्यांना दोन ओळींचा निरोप पाठव: काय शिकले, आता कुठे आहे. मग सहा महिन्यांनी पुन्हा. सणाच्या दिवशीच्या शंभर फॉरवर्डपेक्षा या दोन ओळी लक्षात राहतात.

आता पैशाचं. काम देतो म्हणून जो पैसे मागेल, त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. किती दिवस, किती तास, मानधन आहे का, रोजचं कन्व्हेयन्स मिळेल का, श्रेयनामावलीत नाव येईल का, हे सगळं सुरुवातीलाच विचार आणि ईमेलवर घे. एका कंपनीनं माझे दोन महिन्यांचे पैसे बुडवले, कारण माझ्याकडे कागद नव्हता. मालिकांचे पैसे बऱ्याचदा नव्वद दिवसांनी हातात पडतात, म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय खोली भाड्यानं घेऊ नकोस, माझ्याकडे राहा. स्वतःची गोष्ट असेल तर कुणाला ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदव.

आणि हे नीट ऐक. पॅकअप रात्री झालं तर घरी सोडायला गाडी मागायची, त्यात संकोच नको. ‘मीटिंग’ ऑफिसात किंवा सेटवर, कुणाच्या खोलीत नाही. कुणी हद्द ओलांडली तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थीलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर कंपनीत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिच्यावर कोण आहे, ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव. गप्प बसल्यानं करिअर वाचतं, असं कुणी सांगेल. त्याचं ऐकू नकोस. मला फोन कर, मी येईन.

पहिले काही दिवस तुला झेरॉक्स, वॉकीचे चार्जर आणि पाण्याच्या बाटल्या याच कामाला लावतील. ते मन लावून कर, पण नजर मॉनिटरवर ठेव. दिग्दर्शकानं टेक का कापला, ते रोज रात्री वहीत लिही. महिन्याभरात कापायच्या आधीच तुला कळायला लागेल. त्या दिवशी समज, की तू आत आलीस.

सोमवारी रात्री फोन कर. कुठला हीरो पाहिलास ते मागाहून सांग. आधी मला तीन दादांची नावं सांग.